सातशे गाथा आणि त्यांवर चढलेली भर

अजिंठ्याच्या डोंगररांगेचा घाट उतरून खानदेशाच्या सपाटीला भिडणारा सोयगाव तालुका, निझामाच्या अमदानीत मोगलाईची सरहद्द म्हणून ओळखला गेला असला, तरी त्याचे खरे वैभव फर्दापुराजवळ वाघूर नदीने घेतलेल्या अर्धवर्तुळाकार वळणावर, अजिंठ्याच्या लेण्यांत आहे. आणि त्या लेण्यांपैकी सोळाव्यातील शिलालेखाचा मराठी भाषेच्या पूर्वजेत रचलेल्या एका गीतसंग्रहाशी जो संबंध पोहोचतो, तो पाहणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. वाकाटक नृपती हरिषेण याचा सचिव वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात हे लेणे कोरविले आणि तेथील लेखात विंध्यशक्तीपासून आपल्या स्वामीपर्यंतची वंशावळ संस्कृत श्लोकांत नोंदविली. लेख जागोजाग झिजलेला असल्यामुळे त्यातील सर्वसेन हे नाव पूर्वीच्या पंडितांच्या हातून निसटले होते. १९३९ मध्ये वाशीमचा ताम्रपट उजेडात आल्यावर वाकाटकांची वत्सगुल्म शाखा निश्चित झाली आणि महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी त्या नावाला त्याचे हक्काचे स्थान मिळवून दिले.

हा चौथ्या शतकातील सर्वसेन ‘हरिविजय’ नावाच्या प्राकृत काव्याचा कर्ता होता. ते काव्य आज उपलब्ध नाही, अलंकारशास्त्रकारांच्या उल्लेखांतून तेवढे ते जाणवते. परंतु त्याच्या काही गाथा टीकाकारांच्या साक्षीने एका भलत्याच ठिकाणी जिवंत राहिल्या आहेत. ते ठिकाण म्हणजे पैठणच्या हाल सातवाहनाच्या नावावर चालत आलेली ‘गाथासप्तशती’. हाल हा सामान्यतः इसवी सनाच्या पहिल्या शतकातला मानला जातो. मग त्याच्या संग्रहात त्याच्यानंतर दोन-तीनशे वर्षांनी झालेल्या राजाच्या रचना कशा आल्या? मिराशींचे उत्तर असे की मूळ संग्रह पिढ्यानपिढ्या वाढत गेला. हे उत्तर मला ग्राह्य वाटते, आणि त्यातून उद्भवणारा वाङ्मयीन प्रश्न त्याहूनही मोलाचा वाटतो: भर पडलेला संग्रह मूळ संग्रहाशी कोणत्या मापाने ताडून पाहावा?

कोटी गाथांतून सातशे निवडल्याचे या संग्रहातच सांगितले आहे. त्या अतिशयोक्तीतील आकडा सोडून दिला, तरी निवडीचा अभिमान स्पष्ट आहे, आणि तो सार्थही आहे. नांगर धरणारा हालिक, गावप्रमुखाची लेक, गोदेच्या काठावरील संकेतस्थळे, परदेशी गेलेल्या पतीची वाट पाहणारी स्त्री, पावसाळ्यात अडकलेला पांथस्थ हे सारे येथे एकेका गाथेत, मागच्यापुढच्या संदर्भाची याचना न करता, पूर्णपणे उभे राहतात. हसरी गाथा संपते तोच व्याकूळ करणारी येते. धीट स्त्रीच्या शेजारी लाजरी बोलते. या शेजारांमुळे एकेकट्या गाथेला जो उजाळा मिळतो, तो ती सुटी वाचताना मिळत नाही. गीतसंग्रहाचा प्राण निवडीत असतो हे सर्व मान्य करतात. तो क्रमातही असतो, हे मात्र फार थोडे मान्य करतात.

साधारणदेवाने हाच संग्रह पुढे विषयवार व्रज्यांत मांडला. अभ्यासकाची त्यात सोय झाली यात शंका नाही, परंतु एकाच भावाच्या गाथा ओळीने वाचताना मनाची तीक्ष्णता बोथट होते, आणि मूळ संग्रहातील अवचित भेटीचा आनंद नाहीसा होतो. जयवल्लभ या जैन संग्राहकाचा ‘वज्जालग्ग’ हा तर विषयवार मांडणीच्या पायावरच रचलेला. सज्जन, मित्र, दारिद्र्य, हत्ती, भ्रमर अशी त्याची प्रकरणे. त्यात सुंदर गाथा पुष्कळ आहेत, आणि दारिद्र्यावरील काही तर काळजाला हात घालतात. तथापि संपूर्ण ग्रंथ म्हणून मी त्याला सप्तशतीच्या खालचे स्थान देईन, आणि त्याचे कारण गाथांचा कस नसून मांडणीतील बंदिस्तपणा हे आहे.

ही तुलनेची वृत्ती केवळ पंडितांची नव्हे. अमेरिकेत पंक संगीताच्या ‘पंक-ओ-रामा’ या संग्रहमालेचे १९९४ ते २००५ या काळात दहा भाग निघाले, पंक आणि जमैकेत जन्मलेला स्का यांना एकत्र आणणारी ‘गिव्ह एम द बूट’ ही माला १९९७ मध्ये सुरू झाली, आणि अशा मालेचा प्रत्येक नवा भाग हाती आला की ऐकणारा तो मागील भागांच्या तराजूत घालतो. आपल्याकडे ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांच्या १८९१ च्या पोवाडेसंग्रहानंतर य. न. केळकरांनी १९२८ मध्ये आपल्या ‘ऐतिहासिक पोवाडे’ या ग्रंथाचा पहिला भाग आणला, तेव्हा त्यालाही या मोजणीतून सुटका नव्हती. पहिल्या संग्राहकाला अस्पर्शित मुलूख मिळतो आणि ठळक रचना आपोआप त्याच्या पदरी पडतात. मागाहून येणाऱ्याला उरलेल्या बाडांतून, पाठभेदांतून, विस्मृत नावांतून वेचावे लागते. म्हणून दुसऱ्याच्या पदरी पहिल्याइतकी रत्ने नाहीत एवढ्यावरून त्याला उणा ठरविणे हा न्याय नव्हे. त्याने काय वाचविले, आणि पहिल्याच्या निवडीमागील नियम त्याला उमगला होता काय, हे विचारले पाहिजे.

सप्तशतीच्या बाबतीत ही विचारणा आणखी कठीण होते, कारण येथे पहिला भाग आणि दुसरा भाग यांच्यामधील भिंतच नकलकारांनी पाडून टाकली आहे. सातशे ही संख्या कायम राहिली. आतला ऐवज बदलत गेला. नवी गाथा आली की जुनी कोणती तरी निघाली असणार, आणि तिची फर्द कोणत्याही दप्तरात नाही. जर्मन पंडित आल्ब्रेख्ट वेबर यांनी निरनिराळ्या परंपरांच्या पोथ्या जमवून १८८१ मध्ये जी आवृत्ती सिद्ध केली, तिच्यात एकंदर ९६४ गाथा भरल्या, आणि सर्व परंपरांत समान अशा केवळ ४३० निघाल्या. या ४३० तेवढ्या अस्सल आणि बाकीच्या उपऱ्या, असे मानण्याचा मोह होतो. परंतु सर्वत्र आढळणे हा लोकप्रियतेचा दाखला आहे, प्राचीनतेचा निर्णायक पुरावा नव्हे, आणि गुणवत्तेचा तर मुळीच नव्हे.

सर्वसेनाचीच गोष्ट घ्या. त्याच्या गाथा हालाने निवडलेल्या असणे कालदृष्ट्या शक्य नाही. तरीही ज्या कोणा अज्ञात रसिकाने त्या आत घेतल्या, त्याने राजाचे नाव मिरविण्यासाठी त्या घेतल्या असे दिसत नाही, कारण गाथेच्या अंगावर कर्त्याची मुद्रा नाही. नावे टीकाकार सांगतात तेव्हा कळतात. वराहदेवाच्या लेखात हाच राजा वंशावळीतील एक दुवा म्हणून, राजोचित विशेषणांसह, खडकावर कोरला गेला. गाथांच्या संग्रहात तो हालिकांच्या आणि पांथस्थांच्या मेळ्यात बिनराजचिन्हांचा उभा आहे, आणि मला तेथला सर्वसेन अधिक जवळचा वाटतो. स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये सप्तशतीची मराठी आवृत्ती विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केल्यापासून मराठी वाचकाला ही पारख स्वतः करता येते. वेबरने प्रचलित सातशेनंतर स्वतंत्रपणे छापलेल्या २६४ गाथांचीही अशीच सटीक मराठी आवृत्ती घरोघरी पोहोचावी, म्हणजे सातशेच्या बाहेर राहिलेल्या गाथांपैकी कोणती खरोखर बाहेर राहण्याच्या योग्यतेची होती, हे आपल्यालाही ठरविता येईल.