सुईला काय दिसतं?

बदलापूर, अंबरनाथहून परळच्या टाटा हॉस्पिटलला जाणारी माणसं लोकलमध्ये लगेच ओळखू येतात. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत रिपोर्ट. त्यातल्या एखाद्यावर 'एफएनएसी' लिहिलेलं असतं. बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढायच्या, काचेवर पसरायच्या, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. टाका नाही, अ‍ॅडमिट होणं नाही.

ही कल्पना बरीच जुनी आहे बरं का. १९३० साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधल्या हेस मार्टिन आणि एडवर्ड एलिस या दोघांनी ती प्रसिद्ध केली. त्यांची सुई चांगली सव्वा मिलिमीटर जाड! अमेरिकेने ती फारशी मनावर घेतली नाही. स्वीडनने घेतली. १९५०-६०च्या दशकांत स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्कामध्ये फ्रान्झेन, झायचेक वगैरे मंडळींनी बरीच बारीक सुई वापरून हजारो गाठी तपासल्या, आणि तिथून ही पद्धत जगभर गेली.

नेहमीचा स्तनाचा कॅन्सर सुईला सहसा सापडतो. माझ्या मते तिची खरी परीक्षा दुर्मिळ गाठींत. उदाहरणार्थ ग्रॅन्युलर सेल ट्यूमर. हाताला कडक लागतो, मॅमोग्राफीत थेट कॅन्सरसारखा दिसतो आणि बहुतेक वेळा असतो निरुपद्रवी. सुईत त्याच्या दाणेदार पेशी ओळखल्या, तर मोठं ऑपरेशन टळू शकतं. स्तनातल्या लिम्फोमाचंही तसंच. त्याचा मुख्य उपचार औषधांचा. स्तन काढून काही साधत नाही. म्हणजे रिपोर्ट वाचणाऱ्याला 'हे काहीतरी वेगळं आहे' एवढी शंका आली, तरी एका बाईचं अख्खं पुढचं वर्ष बदलतं.

फायलोडीसपाशी मात्र सुई अडते. योहानेस म्युलरने १८३८ साली हे नाव दिलं, कारण गाठ कापल्यावर आत पानांसारख्या घड्या दिसल्या. (ग्रीकमध्ये फायलॉन म्हणजे पान.) आता सुईत येतात सुट्या पेशी, घड्या येणार कुठून? कोडमधल्या चार ओळी बघून अख्खं आर्किटेक्चर सांगा म्हटल्यासारखं झालं. त्यामुळे फायलोडीस आणि साधा फायब्रोअ‍ॅडिनोमा यांची गल्लत होते. फायब्रोअ‍ॅडिनोमावर नुसती नजर ठेवली तरी बऱ्याचदा चालतं. फायलोडीस मात्र नीट कड राखून काढावा लागतो, नाहीतर पुन्हा उगवतो.

म्हणूनच 'कोअर बायॉप्सी करा' असा शेरा आला की पहिली टेस्ट फुकट गेली म्हणून चिडू नये. जाड सुईने ऊतीचा सलग तुकडा मिळतो, आणि आज उपचार ठरवायला लागणाऱ्या हार्मोन रिसेप्टरच्या चाचण्याही त्याच तुकड्यावर जास्त भरवशाने होतात.