सहीचें मोल

कलाकृतीखालीं कर्त्यानें आपलें नांव घालावें ही गोष्ट आज इतकी स्वाभाविक वाटते कीं, तिलाही एक इतिहास आहे हें सहसा ध्यानांत येत नाहीं. तें नांव कधीं मालकी सांगतें, कधीं मालकी सोडून दिल्याचें सांगतें, तर कधीं केवळ वस्तूची किंमत वाढवितें. एकाच व्यवसायांत, एकदोन पिढ्यांच्या अवधींत, सहीचे हे अर्थ कसे पालटत गेले याचें ठळक उदाहरण अमेरिकेंतील कॉमिक पुस्तकांच्या इतिहासांत सांपडतें. विषय पोरकट आहे असें कोणी म्हणेल. परंतु जिच्या एका प्रतीस २०२४ सालीं ६० लक्ष डॉलर पडले, व जिच्यासारख्या वस्तूंवरील सहीसाठीं साक्षीदार, परीक्षक व मोहोरबंद पेटी यांची योजना करावी लागते, ती वस्तु अभ्यासकानें हंसून बाजूस सारणें बरें नव्हे, असें आम्हांस वाटतें.

ती प्रत 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाची होती. अंकावर तारीख जून १९३८ ची. किंमत १० सेंट. छापलेल्या प्रती सुमारें दोन लक्ष. क्लीव्हलंड शहरांतील जेरी सीगल व जो शुस्टर या दोन तरुणांचा 'सुपरमॅन' हा वीर याच अंकांतून प्रथम लोकांपुढें आला. सीगलनें कथा रचावी व शुस्टरनें चित्रें काढावीं अशी त्यांची वांटणी होती. तेरा पृष्ठांच्या या कथेबद्दल पृष्ठास १० डॉलर या दरानें त्यांस १३० डॉलर मिळाले, आणि तेवढ्याच मोबदल्यांत सुपरमॅनचे सर्व हक्क प्रकाशकाकडे गेले. दुसऱ्या कामाचे पैसे धरून ४१२ डॉलरांचा एक चेक मार्च १९३८ मध्यें त्यांच्या नांवें लिहिण्यांत आला. लिहिणारानें दोघांचींही नांवें चुकविलीं होतीं. म्हणून त्यांस चेकच्या पाठीवर एकदां चुकलेल्या नांवानें व एकदां खऱ्या नांवानें सही करावी लागली. या व्यवसायांतील सहीचा पहिला अर्थ हा असा होता: पैसे पावले, हक्क संपला.

हा प्रकार या दोघांपुरताच नव्हता. कॉमिकांचे कारखाने त्या काळीं कापडाच्या गिरणीसारखे चालत. एकानें कथा लिहावी, दुसऱ्यानें पेन्सिलीनें आंखावें, तिसऱ्यानें शाई भरावी, चौथ्यानें अक्षरें घालावीं. आणि नांव छापलेंच तर तें करणाराचेंच असेल अशी खात्री नसे. 'बॅटमॅन'च्या कथांवर वर्षानुवर्षें बॉब केन याचेंच नांव छापलें जाई, कारण त्यानें करारच तसा केला होता. चित्रें मात्र पुष्कळदां दुसऱ्यांनीं काढलेलीं असत. या वीराच्या निर्मितींत ज्याचा मोठा वांटा होता तो लेखक बिल फिंगर १९७४ सालीं वारला. बॅटमॅनचा सहनिर्माता म्हणून त्याच्या नांवाची रीतसर नोंद होण्यास २०१५ साल उजाडावें लागलें. डिस्नेच्या बदकांच्या गोष्टी लिहिणारा व चितारणारा कार्ल बार्क्स यासही आपलें नांव घालतां येत नसे. परंतु मुलांची नजर मोठी तीक्ष्ण! नांव ठाऊक नसतांही त्याचा हात ओळखून तीं त्यास 'बदकांचा चांगला चित्रकार' म्हणत. पुढें १९६० च्या सुमारास वाचकांनींच पत्रें पाठवून त्याचा शोध लावला. सहीवांचूनही कर्ता ओळखला जातो, याहून अधिक सबळ पुरावा तो कोणता द्यावा?

अंक इतके अमाप छापले जात, तर मग ते दुर्मिळ कां व्हावे? कागद हलका, वाचून झाल्यावर टाकून द्यावयाची वस्तु. महायुद्धाच्या काळांत रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या व त्यांत लक्षावधि अंक गेले. शांतता आली तों पालक व शिक्षक यांस या पुस्तकांत अनीति दिसूं लागली. १९४८ सालीं वेस्ट व्हर्जिनियांतील स्पेन्सर या गांवीं शाळेंतील मुलांच्याच हातून कॉमिकांची होळी झाली. आपल्याकडेही १९६४ ते १९९० या काळांत मुंबईहून निघालेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधील वेताळाच्या कथा ज्यांनीं वाचल्या, त्यांच्या घरीं ते अंक आज किती उरले असतील याचा वाचकांनींच विचार करावा. जें सर्वांनीं वाचलें तें कोणी जपलें नाहीं. आणि कोणी जपलें नाहीं म्हणूनच पुढें त्यास किंमत आली.

जपणारे अगदींच नव्हते असें नाहीं. कोलोरॅडोंतील एडगर चर्च नांवाच्या चित्रकारानें हजारों अंक नीट थर लावून ठेविले होते. १९७७ सालीं तो सारा सांठा एका तरुण विक्रेत्याच्या हातीं आला, तेव्हां तीस-चाळीस वर्षांपूर्वींचे अंक जणूं कालच छापून आल्याइतके कोरे पाहून संग्राहक थक्क झाले. त्यापूर्वींच, १९६४ सालीं न्यूयॉर्क येथें व १९७० सालीं सान दियेगो येथें, कॉमिकप्रेमी लोकांचीं संमेलनें सुरू झालीं होतीं. १९७० सालींच रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट याचें किंमतींचें मार्गदर्शक पुस्तकही निघालें. बाजार उभा राहिला कीं प्रतवारी आलीच. प्रथम ती शब्दांनीं होई: उत्तम, बरी, साधारण, जीर्ण. परंतु विकणाऱ्याची 'उत्तम' प्रत घेणाऱ्यास नेहमींच 'बरी' दिसावयाची. शिवाय फाटलेलें पान चिकटविणें, उडालेला रंग भरणें असल्या युक्त्यांनीं जुनी प्रत नवी भासविणारेही थोडे नव्हते.

या तंट्यावर तोडगा म्हणून २००० सालीं सर्टिफाइड गॅरंटी कंपनी ही संस्था निघाली. तिचा ना विकणाऱ्याशीं संबंध, ना घेणाऱ्याशीं. काम केवळ परीक्षेचें. परीक्षक पानें मोजतात, टांचण्यांचा गंज, कोपऱ्यांची झीज, घड्या व कागदाची शुभ्रता तपासतात, दुरुस्ती केली आहे काय तें पाहतात, आणि अर्ध्यापासून दहापर्यंतच्या मापांत गुण देतात. नंतर प्रत पारदर्शक पेटींत बंद होते व वर चिठ्ठी येते. साध्या प्रतीस निळी चिठ्ठी, दुरुस्त केलेल्या प्रतीस जांभळी, व साक्षीनें सही झालेल्या प्रतीस पिवळी.

आमच्या विषयाचें मर्म या पिवळ्या चिठ्ठींत आहे. संमेलनांत चित्रकारापुढें प्रत ठेवली जाते तेव्हां कंपनीनें नेमलेला साक्षीदार तेथें हजर असावा लागतो. सही त्यानें डोळ्यांनीं पाहावयाची व प्रत ताब्यांत घेऊन परीक्षेस पाठवावयाची. मग कोणी व कोणत्या दिवशीं सही केली तें चिठ्ठीवर नोंदलें जातें. कित्येक चित्रकार सहीबरोबर एखादें रेखाचित्रही काढून देतात. त्याकरितां मुद्दाम कोऱ्या मुखपृष्ठाचे अंकही प्रकाशक काढूं लागले आहेत. साक्षीदार नसतां केलेली सही मात्र या पद्धतींत दीर्घकाळ मुखपृष्ठावरील लिखाण, म्हणजे दोष, म्हणूनच गणली जाई. सही तीच, हात तोच. पाहणारा होता कीं नव्हता एवढाच काय तो भेद! पुढें १९३८ च्या पिढीनें स्वप्नांतही न पाहिलेली दुसरी सोयही निघाली: २०१४ सालीं सुरू झालेल्या दुसऱ्या एका संस्थेनें हस्ताक्षर पारखून सही खरी ठरविण्याची रीत घातली.

यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. आपल्या जुन्या मजहरांवर अक्षरशून्य पाटील नांगराची निशाणी करी. नांगर कोणीही काढूं शकला असता. ती निशाणी पाटलाचीच याला आधार होता तो कागदावर नांवें घातलेल्या साक्षीदारांचा. जेथें पैसा येतो तेथें खोटी सहीही येते, आणि साक्ष हा तिच्यावरचा जुनाच उपाय आहे. तो उपायही निर्दोष नाहीं. कांहीं पेट्यांशीं लबाडी होऊन चिठ्ठी एका प्रतीची व आंत प्रत दुसरी असा प्रकार घडल्याचें २०२४ च्या आरंभीं खुद्द त्या कंपनीनेंच जाहीर केलें. तरीही प्रतवारी नसती तर सामान्य ग्राहक याहून अधिक नागवला गेला असता, हें न्यायानें कबूल केलें पाहिजे.

मात्र गुण हे कागदाचे आहेत, कथेचे नव्हेत, हें विसरतां कामा नये. पेटी उघडली कीं तो दाखला रद्द होतो. म्हणून उत्तम ठरलेली प्रत पुन्हां कोणी वाचावयाची नाहीं असा या पद्धतीचा अर्थ होतो. चर्चनें आपले अंक चित्रकाराच्या उपयोगासाठीं जपले होते. आजचा मालक ते उघडूंही शकत नाहीं. आणि हे गुण किंमत तरी कायम ठरवितात काय? 'ॲक्शन'च्या पहिल्या अंकाची नऊ गुणांची प्रत २०१४ सालीं ३२ लक्ष डॉलरांस गेली. साडेआठ गुणांची, म्हणजे तिच्याहून उणी, दहा वर्षांनीं ६० लक्षांस गेली.

या रकमांतून कर्त्यांस काय मिळालें? सीगल व शुस्टर यांनीं १९४७ सालीं फिर्याद केली. सुपरमॅन हातचा गेला तो गेलाच, आणि कथेवरील त्यांचीं नांवेंही गेलीं. नील ॲडम्स व जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनीं पुढें त्यांची बाजू लोकांपुढें मांडली, तेव्हां १९७५ सालीं प्रत्येकास वार्षिक २० हजार डॉलरांचें वेतन व छापील नांव परत मिळालें. मार्व्हलच्या कथांत सहस्रावधि पृष्ठें रंगविणाऱ्या जॅक कर्बीस १९८७ सालीं त्यांपैकीं अवघीं १,९०० च्या आसपास मूळ पृष्ठें परत आलीं. या पूर्वेतिहासाकडे पाहतां, संमेलनांतील मेजापाशीं बसून सहीची फी घेणाऱ्या वृद्ध चित्रकारास लोभी म्हणणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. ज्या सहीनें पूर्वीं त्याचें सर्वस्व गेलें, तिच्यावर उतारवयांत त्यास चार पैसे मिळत असतील, तर ती उशिरां झालेली अल्पशी भरपाई होय. बिल फिंगरसारख्यांस तीही लाभली नाहीं. त्याची सही आतां कोणत्याही साक्षीदारास पाहतां येणार नाहीं.

सीगल व शुस्टर यांचा तो ४१२ डॉलरांचा चेक नष्ट झाला नाहीं. २०१२ सालीं तो लिलांवांत निघाला व १ लक्ष ६० हजार डॉलरांस विकला गेला. तोपर्यंत शुस्टरच्या मृत्यूस जवळजवळ वीस व सीगलच्या मृत्यूस सोळा वर्षें होऊन गेलीं होतीं. ज्या कागदानें त्यांचा हक्क घेतला त्याचीही अखेर किंमत झाली, व तीही त्यांच्या सहीमुळेंच. पुढें कोणी एखाद्या अंकावरील सहीस किती गुण व किती डॉलर हें कौतुकानें सांगूं लागला, तर ती करणारास तिजबद्दल काय मिळालें, हा प्रश्न त्यास अवश्य विचारावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.