वळसा गावाला, वाट शिवारातून

गाव आणि रस्ता यांचे नाते मोठे विचित्र आहे. रस्ता असतो म्हणून गाव वसते. गाव वाढते आणि त्याच रस्त्याला गिळू लागते. मग वाहतूक तुंबते, अपघात होतात, वर्तमानपत्रांतून ओरड होते, आणि एके दिवशी कचेरीतल्या नकाशावर गावाला वळसा घालणारी तांबडी रेघ उमटते. या रेघेला सरकारी भाषेत 'बाह्यवळण रस्ता' म्हणतात, लोकांच्या भाषेत 'बायपास'. नकाशावर ती केसाएवढी बारीक दिसते. शिवारात मात्र तिची रुंदी एखाद्या कुटुंबाच्या सगळ्या जमिनीएवढी असू शकते. या रेघेचा इतिहास आपण सहसा वाचत नाही. तो वाचावा, असे दिवस सीमाभागावर आले आहेत.

बाह्यवळणाची कल्पना आजकालची नाही. लंडन शहरात १७५६ साली पार्लमेंटच्या कायद्याने 'न्यू रोड' नावाचा रस्ता मंजूर झाला. स्मिथफील्डच्या बाजाराकडे जाणारी गुरे शहराच्या गजबजलेल्या रस्त्यांतून न नेता बाहेरून, शेतांमधून न्यावीत, हा त्यामागचा एक मुख्य हेतू. बेडफर्डच्या ड्यूकने धुळीची तक्रार करून विरोध केला, ग्राफ्टनच्या ड्यूकने पाठिंबा दिला. म्हणजे रस्त्याचे राजकारणही तितकेच जुने. रस्त्यापासून पन्नास फुटांच्या आत बांधकाम नको, अशी अट कायद्यातच होती. तरीही शहर सरकत सरकत त्या रस्त्यापर्यंत आले आणि पलीकडे गेले. १८६३ साली जगातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली, ती बऱ्याच अंतरापर्यंत याच रस्त्याच्या पोटातून! आज मेरिलबोन रोड आणि युस्टन रोड या नावांनी तो ऐन लंडनात आहे. गावाबाहेरचा रस्ता फार काळ गावाबाहेर राहत नाही, हा इतिहासाने दिलेला पहिला धडा.

दुसरा धडा आपल्याच मुलखातला आहे. बेळगावच्या गणेशपूर भागात 'रामघाट रोड' हे नाव अजून कानावर पडते. बेळगावहून सह्याद्री उतरून वेंगुर्ल्याच्या बंदराकडे जाणारी ही जुनी वाट. १८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, पुढे येथे लष्करी छावणी वसली आणि वेंगुर्ले हे तिचे समुद्राकडचे दार बनले. परंतु रामघाट फार उभा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोलीचा, म्हणजे पारपोलीचा, गाडीरस्ता झाला आणि रामघाटावरची वर्दळ ओसरली. पुढे १८८७-८८च्या सुमारास सदर्न मराठा रेल्वे बेळगावात आली, मुरगाव बंदर रुळांनी जोडले गेले, आणि ज्या वेंगुर्ल्याच्या भरभराटीसाठी घाट फोडला होता, त्याच वेंगुर्ल्याचा व्यापार खालावला. रामघाटाची वाट कुणी बंद केली नव्हती. तिला फक्त वळसा घातला गेला. वाहतुकीच्या वाटा बदलल्या की बाजारपेठा उठतात, याला याहून जवळचा दाखला शोधायला नको.

पुणे-बंगळूर रस्त्याची कथा या दोन्ही धड्यांची उजळणी आहे. निपाणी, संकेश्वर, बेळगाव, कित्तूर, धारवाड ही गावे त्याने एका दोऱ्यात ओवली. बेळगावात 'पी. बी. रोड' हे नाव आजही त्याचीच आठवण सांगते. पुढे सुवर्ण चतुष्कोन योजनेत हा रस्ता चौपदरी झाला आणि गावे टाळत पुढे गेला. याच मार्गावर पुण्याला वळसा घालणारा कात्रज-देहूरोड बाह्यवळण रस्ता आहे. वारजे, बावधन, बाणेर, वाकड या एके काळच्या खेड्यांतून तो काढला. आता ती शहराची उपनगरे आहेत. तिथल्या चांदणी चौकातला जुना पूल २०२२ साली पाडावा लागला आणि नवी पूलमालिका २०२३ साली खुली झाली. बाह्यवळणालाच बाह्यवळण हवे, अशी ही अवस्था!

हुबळी-धारवाडचा अनुभव निराळा आणि कटू आहे. तेथील सुमारे तीस किलोमीटरचा बाह्यवळण रस्ता खासगी ठेकेदाराने बांधून टोल वसूल करायचा, या पद्धतीने झाला. पण झाला दुपदरी. त्याच्या दोन्ही टोकांना महामार्ग चौपदरी झाला, तरी हा भाग वर्षानुवर्षे तसाच राहिला. जानेवारी २०२१ मध्ये इटिगट्टीजवळ, दावणगेरेहून गोव्याकडे सहलीला निघालेल्या मैत्रिणींच्या गाडीला अपघात झाला आणि त्यांतल्या अनेक जणी दगावल्या. त्यानंतर रुंदीकरणाने वेग घेतला. नियोजनात आज वाचवलेला पैसा उद्या माणसांच्या जिवाने फेडावा लागतो.

आता बेळगावच्या दाराशी येऊ. महामार्गावरून गोव्याकडे जाणारी अवजड वाहने शहरातून, तिसऱ्या रेल्वे गेटावरून, उद्यमबागेतून खानापूरकडे जात. त्यांना बाहेरून नेण्यासाठी हलगा ते मच्छे असा सुमारे नऊ-दहा किलोमीटरचा बाह्यवळण रस्ता आखला गेला. २००९ सालच्या सुमारास भूसंपादनाची प्रक्रिया सुरू झाली आणि तेव्हापासून शेतकऱ्यांचा लढा रस्त्यावर आणि न्यायालयात चालू झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये पोलीस बंदोबस्तात, उभ्या पिकांवरून यंत्रे फिरली, हे आपण सर्वांनी पाहिले.

ही जमीन कोणती? शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरचे शिवार. बेळगावी बासमतीचा सुवास ज्या मातीतून येतो, ती ही माती. भात कापल्यावर तिच्या ओलीवरच दुसरे पीक निघते. याच शिवारातून बळ्ळारी नाला वाहतो आणि पावसाळ्यात पात्र सोडून शेतात शिरतो. अशा सखल जागी रस्त्यासाठी मातीचा भराव घातला की तो रस्ता बांधासारखा पाणी अडवतो. मोऱ्या पुरेशा आणि योग्य जागी नसतील, तर ज्याची गुंठाभरही जमीन गेली नाही, त्याचेही पीक कुजते. नुकसानभरपाईच्या यादीत मात्र त्याचे नाव नसते.

कायदा काय म्हणतो, तेही प्रत्येक घरात ठाऊक असले पाहिजे. १९५६च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यात १९९७ साली भूसंपादनाची स्वतंत्र कलमे घातली गेली. राजपत्रात अधिसूचना निघाल्यावर हरकत घेण्यास मुदत मिळते फक्त एकवीस दिवसांची. पुढची घोषणा वर्षाच्या आत निघाली, की जमीन सरकारजमा होते. जुन्या १८९४च्या कायद्यात सक्तीच्या संपादनाबद्दल तीस टक्के दिलासा रक्कम होती. महामार्गासाठी जमीन गेलेल्यांना ती नाकारली गेली. हा भेद घटनाबाह्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने तरसेम सिंग खटल्यात २०१९ साली सांगितले. दरम्यान, १ जानेवारी २०१५ पासून २०१३च्या कायद्यातल्या भरपाईच्या तरतुदी महामार्गांनाही लागू झाल्या होत्या.

याच कायद्यात आणखी एक लहानसे वाक्य आहे. अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापावा आणि त्यांतले एक प्रादेशिक भाषेतले असावे. प्रादेशिक म्हणजे कोणती भाषा, हे तिथे लिहिलेले नाही. एकभाषी जिल्ह्यात हा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे मात्र ज्या आजोबांचे नाव उताऱ्यावर आहे, त्यांना वाचता येते ती मराठी. नोटीस दुसऱ्या भाषेत निघाली, तर ती समजून घेण्यातच एकवीस दिवसांतले किती जातील? कन्नड ही आपल्या शेजाऱ्याची भाषा आहे, तिच्याशी वैर नाही. पण जिथे दोन भाषा नांदतात, तिथे जमीन घेण्याची नोटीस दोन्ही भाषांत असावी, ही मागणी राजकारणाची नसून साध्या न्यायाची आहे.

शहराला बाह्यवळणाची गरज असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तिसऱ्या गेटाच्या गर्दीत अडकलेल्या रुग्णवाहिकेतला रुग्णही आपलाच. पण रेघ ओढण्यापूर्वी तीन गोष्टी तपासल्या पाहिजेत. पडीक किंवा कमी कसाची जमीन दुसऱ्या बाजूला आहे का? पाणी कुठून येते आणि कुठे जाते? आणि पंचवीस वर्षांनी शहर या रस्त्याला गिळणार असेल, तर तेव्हा तिसरी रेघ कुणाच्या शेतातून जाणार? यांची उत्तरे कचेरीतल्या नकाशावर मिळत नाहीत. ती पावसाळ्यात बांधावर उभे राहिल्यावर मिळतात. मुलांना आपण तहांच्या आणि लढायांच्या सनावळ्या पाठ करायला लावतो. त्यांच्या वहीत आपल्या शिवाराचा एक नकाशा आणि 'एकवीस दिवस' हे दोन शब्दही असू द्यावेत.