चाकांची दिशा : दोरीपासून संगणकापर्यंत

बैलगाडीला अलाइनमेंट लागत नाही. तिची दोन्ही चाके एकाच आखावर असतात. वळायचे झाले की बैल वळतात आणि त्यांच्यामागे अख्खी गाडी फिरते. प्रश्न उभा राहिला तो चार चाकांच्या घोडागाडीत. मुंबईत पूर्वी दिसणारी व्हिक्टोरिया ज्यांनी पाहिली असेल, त्यांनी ती आठवून पाहावी. तिचा पुढचा आख मध्यभागी एका खिळीवर बसवलेला असे व वळताना दोन्ही चाकांसकट फिरे. रचना सोपी, परंतु आख फार तिरका झाला की गाडीचा आधार अरुंद होई आणि ती कलंडण्याचा धोका असे.

म्युनिकमधील गाड्या बांधणारा कारागीर गेऑर्ग लांकेनश्पेर्गर याने यावर तोड काढली. आख जागचा हलवायचाच नाही. त्याच्या दोन टोकांना दोन खिळी बसवून फक्त चाके वळवायची. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या रुडॉल्फ आकरमान या जर्मन गृहस्थाने १८१८ मध्ये या कल्पनेचे इंग्लंडमध्ये पेटंट घेतले, आणि शोध एकाचा असून नाव मात्र दुसऱ्याचे झाले. आजही ही रचना 'आकरमान स्टिअरिंग' म्हणूनच शिकवली जाते.

वळणावर चारही चाकांनी एकाच केंद्राभोवती फिरावे, तर आतल्या चाकाला लहान वर्तुळ व बाहेरच्याला मोठे वर्तुळ काढावे लागते. म्हणून आतले चाक थोडे जास्त वळले पाहिजे. हे भूमितीने साधण्याची रीत फ्रान्समधील शार्ल झांतो याने १८७८ मध्ये सुधारली. तरीही कार्ल बेंझची १८८६ ची पहिली मोटार तीनचाकी होती, कारण चारचाकी गाडी वळवण्याची समाधानकारक रचना त्याच्या हाती नव्हती. तिचे पेटंट त्याला १८९३ मध्ये मिळाले.

मात्र पुढची चाके एकदा खिळी आणि सांध्यांवर टांगली की त्यांची दिशा ही जुळवण्याची गोष्ट होते, आणि जुळवलेले बिघडते. चाक वरून पाहिले असता आत किंवा बाहेर वळलेले असणे म्हणजे टो. समोरून पाहिले असता कललेले असणे म्हणजे कॅम्बर. आणि ज्या अक्षाभोवती चाक वळते तो अक्ष बाजूने पाहता मागे झुकलेला असणे म्हणजे कॅस्टर. कॅस्टर समजायला सायकल पुरे. तिच्या चिमट्याचा तिरकसपणा पुढचे चाक सरळ ठेवायला मदत करतो.

यांतला टो सर्वांत खर्चिक. समजा एक चाक जायच्या दिशेशी फक्त ०.१ अंशाचा कोन करून आहे. ०.१ अंशाची साइन सुमारे ०.००१७५ येते, म्हणजे एक किलोमीटर जाताना ते चाक जणू पावणेदोन मीटर आडवे ओढले जाते. दहा हजार किलोमीटरला हे अंतर साडेसतरा किलोमीटर होते! टायर लवचिक असल्याने हे सगळे घासण्यात जात नाही, पण मेकॅनिक 'गाडी टायर खाते' म्हणतो ते याच कारणाने. त्रिकोणमितीच्या तासाला शिडी आणि मनोरा यांखेरीज एखादे उदाहरण हवे असेल, तर हे घ्यावे.

मोटारीच्या पहिल्या काही दशकांत हे काम इतर दुरुस्त्यांतच उरकले जाई. १९२० च्या दशकात कमी दाबाचे जाड टायर आणि पुढच्या चाकांचे ब्रेक आले, तशी पुढची चाके ठराविक वेगाला थरथरू लागली. १९३४ मध्ये अनेक अमेरिकन मोटारींनी पुढचा अखंड आख सोडून दोन्ही चाके स्वतंत्रपणे टांगली. थरथर आटोक्यात आली, पण आता प्रत्येक चाकाचे कोन निराळे झाले. कोन मोजणे हा एक वेगळा धंदा बनत गेला.

हाताने मोजण्याच्या रीती मात्र भलत्याच चतुर होत्या, आणि त्यांच्याकडे 'अंदाजपंचे' म्हणून पाहिले जाते ते आम्हाला पटत नाही. टो मोजायला मोजपट्टी पुरते : चाकांच्या पुढच्या कडांमधले अंतर आणि मागच्या कडांमधले अंतर, यांची वजाबाकी. पण रिम वाकडी असली तर? जाणता मेकॅनिक चाक जॅकवर उचलून टायरवर खडू फासतो, चाक हाताने फिरवतो आणि खिळ्याचे टोक एका जागी धरून रेघ उमटवतो. रिम कशीही असो, ही रेघ फिरण्याच्या अक्षाला काटकोनातच येते. दुसरी युक्ती त्याहून सोपी. पुढच्या बाजूला दोन्ही चाकांवर ठिपके करून अंतर मोजायचे, गाडी अर्धा फेरा ढकलायची आणि तेच ठिपके मागे आले की पुन्हा मोजायचे. दोन्ही मापे त्याच बिंदूंची असल्याने रिमचा दोष वजाबाकीत निघून जातो.

कॅम्बरसाठी गवंड्याच्या लेव्हलसारखी बुडबुड्याची नळी असे. कॅस्टर तर दिसणाऱ्या कोणत्याच भागावरून थेट मोजता येत नाही. त्यासाठी चाक २० अंश आत आणि मग २० अंश बाहेर वळवून कॅम्बरमधला फरक पाहतात; त्याच्या सुमारे दीडपट म्हणजे कॅस्टर. हा गुणाकार करावा लागू नये म्हणून तो उपकरणाच्या पट्टीवर आधीच कोरलेला असे. पट्टी वाचणाऱ्याला त्यामागचे गणित ठाऊक असण्याची गरज नव्हती, हेही खरे.

मग संगणक कशाला आला? जाहिराती 'अचूकतेसाठी' म्हणतात. आमच्या मते खरे कारण मोटारच बदलली हे आहे. २०१४ पर्यंत बनत राहिलेल्या अँबॅसडरचा मागचा आख अखंड, पाट्यांच्या स्प्रिंगांवर बसवलेला होता. तिथे फिरवण्याजोगे काही नव्हते. मागची चाकेही स्वतंत्र टांगलेल्या मोटारी आल्या, तेव्हा मागच्या दोन चाकांची सरासरी दिशा गाडीच्या मध्यरेषेशी जुळेलच असे राहिले नाही. या दिशेला थ्रस्ट लाइन म्हणतात, आणि गाडी सरळ जाते ती याच रेषेने. पुढची चाके तिच्याशी न जुळवता एकमेकांशीच जुळवली, तर टायर वाचतो, पण सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडे धरावे लागते. गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणून हेही मोजता येते. मोटार शर्यतींत ही रीत टिकून आहे. पण तिला वेळ लागतो, आणि एक नट फिरवला की चारही मापे पुन्हा घ्यावी लागतात. संगणक ती सगळी एकदम, नट फिरत असतानाच दाखवतो. त्याचा मोठा गुण आम्हाला हा वाटतो.

गंमत म्हणजे सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांतही चाकांवरच्या उपकरणांना जोडणारी दोरी होतीच. तिचा कोन विद्युतरोधाच्या साहाय्याने मोजला जाई. पुढे दोरीच्या जागी प्रकाशकिरण आला. १९९० च्या दशकात चाकांवर नुसत्या खुणांच्या तबकड्या लावून समोरून कॅमेऱ्याने पाहण्याची पद्धत आली. त्यात गाडी थोडी मागे-पुढे ढकलतात आणि तबकडी कशी फिरली यावरून संगणक चाकाचा अक्ष काढतो. अर्धा फेरा ढकलण्याची जुनी युक्तीच ती! कॅस्टरसाठी आजही स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवायला सांगतात.

त्याच दशकात आपल्या शहरांतून 'कॉम्प्युटराइज्ड व्हील अलाइनमेंट' अशा पाट्या दिसू लागल्या. छापील कागद हाती येतो आणि हिरवे आकडे पाहून गिऱ्हाईक समाधान पावते. परंतु आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या मोटारींत सहजपणे फिरवता येणारा कोन एकच, तो म्हणजे पुढच्या चाकांचा टो. कागदावरचे बाकीचे आकडे बहुतेक वेळा नुसते वाचायचे असतात. टायरमधली हवा कमीजास्त असेल किंवा बॉल जॉइंट ढिला असेल, तर काही सेकंदांपुरता अचूक असलेला कोन गाडी रस्त्यावर येताच बदलतो. म्हणूनच आधी चाक हाताने हलवून पाहणारा मेकॅनिक हवा. ही पायरी गाळणारी यंत्रशाळा आणि खडू-खिळ्याने मन लावून काम करणारा कारागीर यांत निवड करायची, तर आम्ही कारागिराकडे जाऊ.

आकड्यांचा आणखी एक घोळ. जुने माप मिलिमीटरमध्ये, नवे अंश आणि मिनिटांत. दोन मिलिमीटर टो १३ इंची रिमवर मोजला तर सुमारे २१ मिनिटांचा कोन होतो आणि १६ इंची रिमवर सुमारे १७ मिनिटांचा. तेव्हा रिमच्या मापाशिवाय नुसता 'दोन मिलिमीटर' हा आकडा अपुराच.

अलीकडच्या मोटारींत मात्र दोरीचे काम एका ठिकाणी अडते. गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असेल, तर स्टिअरिंग किती फिरले हे सांगणारा संवेदक त्यात असतो, आणि त्याचे शून्य अलाइनमेंटनंतर अनेकदा नव्याने ठरवावे लागते. पुढचे वाहन ओळखणारा रडार किंवा कॅमेरा असेल, तर त्याचे तोंडही थ्रस्ट लाइनशी जुळलेले लागते. टाय रॉडचा नट पान्यानेच फिरतो. त्यानंतर गाडीतल्या संगणकाला ते कळवायला दुसरा संगणक जोडावा लागतो.