रासायनिक बंध : खानदेशच्या काळ्या मातीतला

अणूंना किंवा आयनांना एकत्र धरून ठेवणाऱ्या विद्युत आकर्षणाला रासायनिक बंध म्हणतात. इलेक्ट्रॉनांची देवघेव झाली तर आयनिक, भागीदारी झाली तर सहसंयुज आणि इलेक्ट्रॉन साऱ्या स्फटिकात मोकळे राहिले तर धात्विक, ही विभागणी शाळेपासून सर्वांच्या परिचयाची आहे. १९१६ मध्ये कोसेल यांनी आयनांचा आणि लुईस यांनी सामाईक इलेक्ट्रॉन-जोडीचा विचार मांडला, तेव्हा तिचा पाया घातला गेला. विभागणी उपयोगाची खरी. पण बंधाचा प्रकार कळला की पदार्थाचे वागणेही कळले, असा समज तिच्यामुळे होतो. जळगाव-धुळ्याच्या काळ्या मातीपुढे तो टिकत नाही. या मातीच्या एकाच ढेकळात बळकट आणि दुबळे बंध शेजारी-शेजारी असतात, आणि उन्हापावसात ती कशी वागेल हे त्यांतले दुबळे बंध ठरवतात.

ही माती सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेला बेसाल्ट झिजून तयार झाली. तिच्यातले मुख्य खनिज स्मेक्टाइट गटातले. त्याचा एकेक थर जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा. सिलिकॉन-ऑक्सिजनच्या दोन जाळ्या आणि त्यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची एक. थराच्या आतले बंध पक्के असतात. काही ठिकाणी मात्र ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेले असते. त्याचा धनप्रभार एकाने कमी, म्हणून थरावर ऋणप्रभार उरतो आणि तो भागवायला कॅल्शियम, सोडियमसारखे आयन दोन थरांच्या मध्ये येऊन बसतात. थर एकमेकांना धरून राहतात ते मुख्यतः या आयनांच्या आधारावर. पाऊस पडला की पाण्याचे रेणू आयनांभोवती गोळा होतात आणि थर दूर सरकतात. माती फुगते, चिकट होते, वापसा येईपर्यंत औत घालता येत नाही. वैशाखात पाणी निघून जाते, थर जवळ येतात आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराचा पाया खणताना काळी माती काढून मुरूम भरतात, तोही याच कारणाने.

यावर कोणी म्हणेल, पाणी नुसते कणांमधल्या पोकळीत शिरत असेल. बंधांचा संबंध काय? तसे असते तर तापीच्या पात्रातली वाळूही फुगली असती. वाळूतल्या क्वार्ट्झमध्येही सिलिकॉन-ऑक्सिजनचेच बंध आहेत, पण ते तिन्ही दिशांना सारखे पसरलेले, त्यामुळे पाण्याला शिरायला फट नाही. शिवाय थरांमधले अंतर क्ष-किरणांनी मोजता येते, आणि भिजल्यावर ते वाढलेले दिसते. तिसरा पुरावा वीटभट्टीत मिळतो. उन्हात वाळलेले ढेकूळ पुन्हा भिजवले की विरघळल्यासारखे पसरते. भट्टीतून निघालेली वीट पसरत नाही. उन्हाने फक्त थरांमधले पाणी जाते. सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे थरांच्या आतले हायड्रॉक्सिल गट निघून जातात, म्हणजे बळकट बंधांचीच मोडतोड होते, आणि मग माघार नाही.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे : अखेर हे खनिज आयनिक की सहसंयुज? प्रश्नच थोडा चुकीचा आहे. लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये विद्युतऋणतेची मोजपट्टी मांडली. तिच्यावर सिलिकॉन १.९० आणि ऑक्सिजन ३.४४, या फरकावरून त्यांच्यातला बंध जवळपास निम्मा आयनिक, निम्मा सहसंयुज ठरतो. आयनिक टोकाकडे मीठ, सहसंयुज टोकाला हायड्रोजन वायू. बहुतेक खनिजे मध्ये कुठेतरी. मातीचे वागणे दुबळे बंध ठरवतात, मग बळकट बंध बिनकामाचे का? मुळीच नाही. माती पाण्यात मिठासारखी नाहीशी होत नाही ती त्यांच्यामुळेच. कोकणच्या जांभ्या मातीतल्या केओलिनाइटमध्येही थर आहेत, पण ते हायड्रोजन बंधांनी असे सांधलेले की पाणी आत शिरत नाही. म्हणून ती भेगाळत नाही. खानदेशच्या काळ्या मातीत पिकणाऱ्या कापसाचेही असेच : सेल्युलोजच्या साखळीतले सहसंयुज बंध उकळत्या पाण्यातही शाबूत राहतात, पण साखळ्यांमधले काही हायड्रोजन बंध ओलाव्याने सुटतात. सुती कापडावर पाणी शिंपडून इस्त्री केली की सुरकुती जाते, ती यामुळे.

थरांमध्ये कोणता आयन आहे, यालाही तितकेच महत्त्व आहे. कॅल्शियमवर दोन प्रभार असतात. तो असेल तर एका थराच्या तळापासून पुढच्या थराच्या तळापर्यंतचे अंतर वाढत जाऊन सुमारे १.९ नॅनोमीटरवर थांबते. सोडियमवर एकच. तो फार झाला की थर सुटे होतात, कण विखुरतात, छिद्रे बुजतात आणि पाणी वरच साचते. अशी जमीन म्हणजे चोपण. तिच्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, घालतात तेव्हा कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, आणि सुटलेला सोडियम सल्फेटच्या रूपात पाण्यात उतरतो. ते पाणी शेताबाहेर काढायला चर नसतील, तर सोडियम तिथेच राहतो आणि जिप्समचा खर्च वाया जातो.