निळ्या नावाचा पिवळा मासा

कुठल्याही बऱ्यापैकी ॲक्वेरियमच्या दुकानात जा आणि "सिक्लिड दाखवा" म्हणा. दुकानदार तुम्हाला सगळ्यात आधी जो मासा दाखवेल तो बहुतेक पिवळाधमक असेल, पाठीच्या परावर काळी रेघ ओढलेला. बाजारात त्याला येलो लॅब म्हणतात. शास्त्रीय नाव लॅबिडोक्रोमिस सेरुलियस. आता लॅटिनचा कोश उघडून बघा. सेरुलियस म्हणजे निळा.

पिवळ्या माशाला निळा कोणी म्हटलं? माझं पीएचडीचं काम शोभिवंत माशांच्या व्यापाराच्या इतिहासावर आहे आणि या ब्लॉगवर लिहायला इतकी सोयीची सुरुवात दुसरी नाही. शिवाय तुमच्यापैकी दोघांनी विचारलं होतं, "सिक्लिडची नवी टाकी लावायची आहे, काय काय टाकू?" तर या लेखात दोन्ही प्रश्न एकत्र घेऊ. ते दिसतात तितके वेगळे नाहीत.

आधी निळ्याचं. आफ्रिकेतलं मलावी सरोवर साधारण 580 किलोमीटर लांब आणि सुमारे 700 मीटर खोल आहे. देश स्वतंत्र होण्याआधी, म्हणजे 1964 पूर्वी, त्याला न्यासा सरोवर म्हणत. 1950 च्या दशकात जेफ्री फ्रायर हा ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पश्चिम किनाऱ्यावरच्या न्खाटा बे इथे काम करत होता. खडकांत राहणाऱ्या छोट्या माशांना तिथले टोंगा भाषा बोलणारे कोळी "म्बुना" म्हणायचे. फ्रायरने तो शब्द उचलला आणि आज जगभरचे शौकीन तोच वापरतात. 1956 मध्ये त्याने आपल्या या माशाचं वर्णन केलं ते न्खाटा बेच्या नमुन्यांवरून. आणि न्खाटा बेला हा मासा पिवळा नसतो, पांढुरका असतो, निळसर झाक असलेला. पिवळे मासे सापडतात तिथून उत्तरेला, लायन्स कोव्हच्या बाजूला. पुढे बाजाराने पिवळा उचलला. नाव मात्र पहिल्या नमुन्याला चिकटलेलं, ते तसंच राहिलं.

म्हणजे नाव चुकीचं नाही. ते एका जागेचं नाव आहे आणि जागा आपण विसरलो.

असं का होतं ते कळायला म्बुनाचं जगणं थोडं समजून घ्यावं लागेल. मादी अंडी तोंडात घेते आणि साधारण तीन आठवडे पिल्लं तिथेच वाढवते. पिल्लं बाहेर पडतात तीही आईच्याच खडकाजवळ. समुद्री माशांसारखी अळ्यांच्या रूपात प्रवाहाबरोबर दूर वाहत जाण्याची सोय नाही. दोन खडकाळ जागांच्या मध्ये वाळूचा पट्टा किंवा खोल पाणी असलं की या माशांसाठी ती सीमाच. मग या खडकावर निळा, पुढच्यावर पिवळा, त्यापुढच्यावर पट्टेवाला. कोकणात एक खाडी ओलांडली की बोलीचा हेल बदलतो ना, तसंच. फक्त इथे हेल बदलायला हजारो वर्षं लागलेली असतात.

आता टाकीकडे वळू. दीडदोनशे लिटरच्या खालची घेऊ नका. हे मासे जागेसाठी भांडतात आणि हरलेल्याला लपायला जागा लागते. दगड आधी ठेवा, थेट तळाशी, आणि वाळू नंतर घाला. हे मासे वाळू उकरतात, आणि वाळूवर रचलेला ढीग एका रात्रीत काचेवर येऊ शकतो. सरोवराचं पाणी अल्कधर्मी आहे, सामू (म्हणजे पीएच) साधारण 7.8 ते 8.6. मुंबईचं नळाचं पाणी मृदू असतं, त्यामुळे तिथे कोरलची वाळू किंवा शिंपल्यांचा चुरा मदतीला घ्यावा लागतो. दख्खनच्या बोअरवेलचं कठीण पाणी असेल, तर बऱ्याचदा काहीच करावं लागत नाही. पाणी 25 अंशांच्या आसपास ठेवा. फिल्टर चालू करा. आणि मग थांबा. महिनाभर.

या थांबण्यालाही इतिहास आहे, आणि तो फार मजेदार आहे. 1850 मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे एक प्रयोग मांडला: काचेचं भांडं, दोन छोटे गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती. काही दिवसांनी पानं कुजू लागली आणि पाणी गढूळ झालं. मग त्याने गोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजलेलं खाल्लं आणि सगळं सुरळीत झालं. त्याचा निष्कर्ष असा की मासे कार्बन डायऑक्साइड सोडतात, वनस्पती ऑक्सिजन देतात आणि हिशोब जुळतो. सुंदर कल्पना होती, लगेच लोकप्रिय झाली. पण त्या हिशोबात माशांच्या अमोनियाचा रकाना नव्हता. 1877 मध्ये फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युन्ट्झ यांनी वाळूच्या नळीतून सांडपाणी सोडलं तेव्हा दिसलं की अमोनियाचं नायट्रेट होतंय. क्लोरोफॉर्म दिला की थांबतंय. म्हणजे करणारं कोणीतरी जिवंत आहे. 1890 च्या सुमारास विनोग्राडस्कीने ते जीवाणू वेगळे काढून दाखवले.

नवी टाकी म्हणजे या जीवाणूंचं अजून न वसलेलं गाव. ते वसेपर्यंत अमोनिया साठतो, आणि पाणी जितकं अल्कधर्मी तितका त्याचा जास्त भाग विषारी रूपात राहतो. म्हणून म्बुनाच्या टाकीत घाई जास्त महागात पडते. चिमूटभर खाद्य रोज टाका म्हणजे अमोनिया तयार होईल, किंवा जुन्या टाकीतला मळका स्पंज आणा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मासे आणा. (जाता जाता: नायट्राइट खाणारा जीवाणू म्हणून पुस्तकं वर्षानुवर्षं नायट्रोबॅक्टरचं नाव छापत होती. 1998 मध्ये होवानेक आणि सहकाऱ्यांनी ॲक्वेरियममध्ये प्रत्यक्ष बघितलं तर तिथे नायट्रोस्पिरा निघाला. पुन्हा तेच, नाव एका जागेचं आणि मासा दुसऱ्या टाकीत.)

आता मासे कुठले, किती? इथे मी तुम्हाला यादी देणार नाही. मासे टाकीत सोडणं हे काम सरोवरातच कसं झालं ते सांगते, कारण माझ्या कामाचा गाभा तोच आहे.

1960 च्या दशकापासून मलावीहून शोभिवंत मासे परदेशी जाऊ लागले. पाणबुडे जाळ्यांनी मासे पकडत. खोलवरचा मासा एकदम वर आणला तर त्याची हवेची पिशवी फुगून तो मरतो, म्हणून भोकं पाडलेल्या पिंपात घालून टप्प्याटप्प्याने वर घेत. मग किनाऱ्यावरचे हौद, ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि विमान. यातला सगळ्यात खर्चिक भाग होता बोटीचा. ज्याला मागणी आहे तो मासा उत्तरेकडच्या बेटांवर आणि निर्यातीचं ठाणं दक्षिणेकडे, असं झालं की प्रत्येक मागणीसाठी लांबचा फेरा. व्यापाऱ्यांनी सोपा उपाय काढला: मासे आणायचे आणि आपल्या ठाण्याजवळच्या खडकावर सोडून द्यायचे. वाढले की तिथूनच पकडायचे. सरोवराचीच टाकी केली म्हणा ना.

केप मॅक्लिअरजवळ थुंबी वेस्ट नावाचं बेट आहे. तिथल्या मितांडे टोकावर 1960 च्या दशकात सायनोटिलापिया अफ्रा हा मासा असाच येऊन पडला. 1980 मध्ये तो परिसर राष्ट्रीय उद्यान झाला, 1984 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं. तो दर्जा तिथल्या माशांच्या वैविध्यासाठी होता. पाहुणाही त्या कुंपणाच्या आत आला.

आता इथे नीट लक्ष द्या. 1983 मध्ये रिबिंक आणि सहकाऱ्यांनी खडकाळ किनाऱ्यांचं मोठं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. पाण्यात उतरून, खडकामागून खडक बघून, कुठे कुठला मासा आहे आणि त्यातला कुठला बाहेरून आणलेला दिसतो, हे त्यांनी नोंदवलं. त्या वेळी अफ्रा मितांडे टोकापुरताच होता. 2001 मध्ये दुसरा गट गेला तेव्हा तो बेटाला पूर्ण वळसा घालून पसरला होता. एवढंच नाही, बेटावर त्याचे जनुकीयदृष्ट्या आणि दिसण्यातही वेगळे असे दोन गट झाले होते, आणि स्थानिक झेब्राशी संकर झाल्याच्या खुणा मिळाल्या. 2004 मध्ये तो शोधनिबंध छापून आला.

उत्क्रांतीच्या अभ्यासकांसाठी ही पर्वणी होती, डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट. पण क्षणभर 1983 ची नोंद काढून टाका. काय उरतं? एका बेटावर एक मासा, दोन गट, शेजाऱ्याशी थोडा संकर. कोणीही अगदी प्रामाणिकपणे लिहिलं असतं की इथे हजारो वर्षांत नैसर्गिकरीत्या नवी जात घडते आहे. डीएनए तोच, आकडे तेच, निष्कर्ष मात्र उलटा. व्यापाऱ्याच्या बोटीची फेरी जनुकांत लिहिलेली नसते. ती कोणीतरी कागदावर लिहावी लागते.

माझा आक्षेप व्यापाऱ्यांच्या नफ्यावर तितका नाही. मासे पकडून विकणं हा तिथल्या कितीतरी पाणबुड्यांचा रोजगार होता आणि आहे. आक्षेप आहे तो विनानोंद हलवण्यावर. आणि तेच आपण घरच्या टाकीत करतो. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक म्बुना शेतीत वाढवलेले असतात, चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या ठिकाणी. टाकीत मारामारी विभागली जावी म्हणून मासे दाटीने ठेवतात, एका नरामागे तीनचार माद्या. ही युक्ती खरंच चालते. पण त्या दाटीत योग्य रंगाचा नर मिळाला नाही की मादी शेजारच्या जातीच्या नराकडे जाते. झेब्राच्या गटातल्या दिसायला जवळच्या दोन जाती एकत्र ठेवल्या तर वर्षभरात अशी पिल्लं मिळतील ज्यांना कुठलंच नाव लागू होत नाही. म्हणून येलो लॅबसोबत वेगळ्या घाटाचा, वेगळ्या रंगाचा एखादाच गट ठेवा. आणि संकर पिल्लं ओळखीच्यांना "झेब्रा" म्हणून देऊ नका.

तुमच्यापैकी ज्यांना या विषयात खरंच शिरायचं आहे त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. झेब्राचं वर्णन बुलेंजरने 1899 मध्ये टिलापिया म्हणून केलं. नंतर तो स्यूडोट्रोफियस झाला. 1984 पासून काही जण त्याला मेलँडिया म्हणतात, 1997 पासून काही जण मेट्रिअ‍ॅक्लिमा, आणि तो वाद आजही चालू आहे. ग्रंथालयात एकाच नावाने शोधलंत तर निम्मं साहित्य हाती लागणार नाही. चारही नावांनी शोधा, आणि प्रत्येक निबंधात आधी "साहित्य आणि पद्धती" हा भाग उघडून मासा कुठून आणला ते बघा. खडकाचं नाव आहे, की नुसतं "मलावी सरोवर", की "स्थानिक विक्रेत्याकडून"? मी माझ्या तक्त्यात यासाठी वेगळा रकाना केलाय. तो सगळ्यात जास्त रिकामा आहे.