भाकरीवरचं कुत्रं

वऱ्हाडात कुत्र्यासाठी वेगळी चूल पेटत नसे. जवारीच्या भाकरी टोपल्यात पडत गेल्या की उरलेल्या पिठाची शेवटची, वाकडीतिकडी भाकर त्याची. रात्रीचं शिळं सकाळी ताकात कुस्करून दाराबाहेरच्या खापरात. मटण कच्चं मात्र द्यायचं नाही. रक्ताची चटक लागली की कुत्रं कोंबड्या धरतं, असं आजी म्हणायची. आता आमच्या बुलढाण्यातही मोबाइल पाहून लॅब्राडॉरपुढे कच्च्या कोंबडीच्या माना ठेवणारे भेटतात. हेच त्याचं मूळचं खाणं, असं ते सांगतात. मूळ म्हणजे नेमकं कधीचं?

आपल्या परंपरेत कुत्र्याचा वाटा हक्काचा, पण शिजवलेलाच. श्राद्धात गाय आणि कावळ्यासोबत त्याचंही पान निघतं. नामदेवांच्या कथेत कुत्रं भाकर पळवतं आणि ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात. आणि शेगाव तर आपल्याच जिल्ह्यातलं. २३ फेब्रुवारी १८७८ला गजानन महाराज लोकांना पहिल्यांदा दिसले ते पंगतीनंतर बाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचताना. त्या पत्रावळींवर एरवी कोणाचा हक्क असे, हे गावात वाढलेल्याला सांगावं लागत नाही.

कच्चं मांस गावात नव्हतं असं नाही. ते वेशीबाहेर होतं. मेलेलं ढोर ओढून नेऊन टाकत, तिथे गिधाडं उतरत आणि गावची कुत्री आतडी ओढत. ढोर ओढायचं ते काम महारांवर लादलेलं होतं; १९२७च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी ते आणि मृतमांस, दोन्ही सोडायला सांगितलं. पुढे नव्वदीच्या दशकात जनावरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने गिधाडं संपवली. २००६मध्ये ते औषध जनावरांसाठी बंद झालं, तोवर वेशीबाहेरचं ताट कुत्र्यांना मोकळं झालं होतं. पण ते त्यांचं त्यांनी शोधलेलं खाणं. कोणी ताटलीत वाढलेलं नव्हे.

आजीच्या भाकरीची साक्ष स्वीडनमधून आली, हे मला फार आवडतं. २०१३मध्ये उप्सालाच्या संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा यांची जनुकं ताडून पाहिली. पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात २ प्रती, कुत्र्यात ४ ते ३०. म्हणजे माणूस धान्य पिकवू लागला, तसं कुत्र्याचं पोटही धान्याला सरावलं. लांडग्याचं ताट त्याच्यापुढे ठेवणारे मधली हजारो वर्षं गाळून टाकतात.

विकतचं खाणं त्या मानाने कालचंच. १८६०च्या सुमारास जेम्स स्प्रॅट या अमेरिकी माणसाने लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटं विकायला काढली. बंदरावरची कुत्री जहाजावरची टणक बिस्किटं खाताना त्याने पाहिली, असं सांगतात. या डबाबंद, पाकीटबंद खाण्याचा कंटाळा आलेल्या इयान बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याने १९९३मध्ये कुत्र्याला हाड द्या असं सांगणारं पुस्तक लिहिलं आणि कच्च्या खाण्याची लाट उठली. त्याचं सगळंच टाकाऊ नाही. शिजवलेलं कोंबडीचं हाड फुटून टोकदार होतं आणि घशात किंवा आतड्यात रुततं, ही खरी गोष्ट. पण कच्च्या मांसातून साल्मोनेला येतो, तो कुत्र्याबरोबर घरातल्या पोरांनाही गाठतो. अमेरिकेच्या पशुवैद्यक संघटनेने २०१२मध्ये त्याविरुद्ध भूमिका घेतली. आणि इथे जवळच, नागपूरच्या गोरेवाड्यात, डिसेंबर २०२४मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. संशय त्यांना घातलेल्या कोंबडीवर गेला. ते तर अस्सल मांसाहारी.

आठवडी बाजारात कोंबडीवाल्याच्या ओंडक्याखाली एक तांबडं कुत्रं बसलेलं असतं. पाय, पिसं, आतडी, जे पडेल ते गिळतं. परवा मी त्याच्यापुढे शिळ्या भाकरीचा तुकडा टाकला. ते आतडं तसंच सोडून उठलं, भाकर तोंडात धरली आणि पलीकडच्या हातगाडीखाली जाऊन निवांत खात बसलं.